तेलाची हाक

"बाबा, मान हलवू नका. कानात घालतेय, डोळ्यात नाही," मुलगी म्हणाली.

अप्पा आपल्या वड्यांच्या दुकानात बटाट्याच्या पोत्यावर अंग चोरून बसले होते. मुलीच्या चिमटीत शेंगदाण्याएवढं एक यंत्र होतं आणि ते अप्पांच्या उजव्या कानात जायला तयार नव्हतं. अप्पांचंही त्याला पूर्ण अनुमोदन होतं.

"मला व्यवस्थित ऐकू येतं," ते म्हणाले.

"हो का? मग आत्ता आई काय म्हणाली?"

"हो हो," अप्पा म्हणाले आणि हसले.

मागे परातीत बटाटे कुस्करत बसलेली तिची आई, म्हणजे सगळ्या गल्लीच्या काकी, काहीच म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"हो हो" हा अप्पांनी शोधून काढलेला सगळ्या प्रश्नांवरचा तोडगा होता. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की "हो हो" म्हणायचं आणि हसायचं. बहुतेक लोकांना एवढंच हवं असतं, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. फक्त एकदा, दुकान रंगवायला आलेल्या रंगाऱ्याने काहीतरी विचारलं, अप्पा "हो हो" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर दुकान आतून-बाहेरून वांग्यासारखं जांभळं. सगळी गल्ली हसली. अप्पांनी छाती पुढे काढून सांगितलं, की रंग मीच पसंत केलाय, लांबून उठून दिसतो. तेव्हापासून ते स्वतः शक्यतो लांबूनच बघत.

पण आज "हो हो"वर भागणार नव्हतं. गटाराच्या कामासाठी गल्ली खणून ठेवली होती आणि गिऱ्हाइकाला वडा खायचा तर खड्ड्यावरच्या फळीवरून तोल सांभाळत यावं लागायचं. येताना जमायचं, वडे खाऊन जाताना फळी वाकायची. गिऱ्हाईक आटत चाललं होतं. पलीकडे नवं बसस्थानक उभं राहिलं होतं, तिथे खाण्याच्या वस्तूंसाठी एकच गाळा शिल्लक होता, त्यावर एका बेकरीवाल्याचाही डोळा होता आणि बसस्थानकाचे व्यवस्थापक आज दुपारी स्वतः येऊन वडे खाऊन बघणार होते. गाळा मिळाला तर कढई तिकडे जाणार. नाही मिळाला तर दुकान बंद करून अप्पांनी घरी बसायचं, असं ठरलं होतं. अप्पा दिवसभर घरात बसलेत, हे चित्र अप्पांना फार वाईट वाटायचं. काकींना त्याहून वाईट वाटायचं.

"साहेब प्रश्न विचारतील," मुलगी म्हणाली. "तेल किती दिवसांनी बदलता, पाणी कुठलं वापरता. तुम्ही सगळ्याला 'हो हो' म्हणालात तर गाळा बेकरीवाल्याला जाईल. झालं, बसलं बघा."

यंत्र बसलं आणि अप्पा दचकून उभे राहिले. पंखा घरघरत होता. नळ ठिबकत होता. स्वतःच्या चपला एवढ्या वाजतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बाहेर फळीवरून येणारा कुणीतरी खड्ड्याला शिव्या घालत होता आणि एकेक शिवी स्वच्छ कळत होती.

"डॉक्टर म्हणाले, तुमचे बारीक आवाज गेलेत, जाडे शाबूत आहेत. आता बारीकही येतील. हळूहळू सवय होईल," मुलगी म्हणाली आणि आपल्या कामावर निघून गेली. दुपारी साहेबांच्या वेळेला परत येते, म्हणाली.

आता अप्पांच्या वड्यांबद्दल सांगायला हवं. बटाटे उकडून सोलणं, ते हातानेच कुस्करणं, म्हणजे मधे मधे फोडी राहतात, आलं-लसूण-मिरची कुटणं, फोडणी करून लिंबू पिळणं, गोळे वळणं, डाळीचं पीठ भिजवून त्यात चमचाभर कडकडीत तेल घालणं, ही सगळी कामं काकींची. वडे मात्र अप्पांचे. सगळं गाव त्यांना अप्पांचे वडे म्हणायचं, आणि त्याला कारण होतं. अप्पा कढईकडे पाठ करून तळायचे.

गोळे पिठात बुडवून ते तेलात सोडत, झारा खांद्यावर टाकत आणि सरळ गिऱ्हाइकांकडे तोंड करून गप्पा सुरू करत. मागे कढई, कढईजवळ स्टुलावर काकी, पुढे फळकुटावर रेललेली मंडळी. गोष्ट रंगात आली, की अप्पा मधेच बोट वर करत.

"थांबा. हाक आली."

मग ते गर्रकन वळत आणि एका फेरीत सगळे वडे झाऱ्यावर घेत. सोनेरी, सगळे एका रंगाचे, एका आईच्या लेकरांसारखे. लोक वड्यासाठी येत तसे हे बघायलाही येत.

"रंगावर जाऊ नये, रंग फसवतो," अप्पा समजावून सांगत. "तेल स्वतः सांगतं. तेल पोटातून बोलतं. आधी दोन हाका, मग जरा थांबून एक. तिसऱ्या हाकेला वडा बाहेर. चौथी हाक तेल कधी मारत नाही. ज्याला तिसरी कळली नाही त्याने भजी तळावीत."

मुलगी गेल्यावर अप्पांनी पहिला घाणा सोडला आणि त्यांना वाटलं, कुणीतरी टाळ्या वाजवतंय. त्यांनी मागे वळून पाहिलं. तेल होतं. इतकी वर्षं मोजकं बोलणारं त्यांचं तेल आज लग्नघरातल्या बायकांसारखं अखंड बोलत होतं. अप्पा कान देऊन ऐकत राहिले. एवढ्यात त्यांच्या मेंदूत कुणीतरी घंटा बडवली. ठण्ण, ठण्ण. आणि जरा थांबून, ठण्ण.

अप्पा हात कानावर घेऊन वळले. काकी चमचा हातात घेऊन बसल्या होत्या आणि शेजारी तेलाचा डबा होता.

"अगं, काय बडवतेस?"

"काही नाही. सवय," काकी म्हणाल्या.

"कसली घाणेरडी सवय. इथे माझ्या कानाचे पडदे फाटतायत. आज साहेब येणार आहेत, निदान आज तरी गप्प बस."

काकींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चमचा परातीत ठेवला.

"बरं," त्या म्हणाल्या.

बायकोचं "बरं" कोणत्या जातीचं आहे हे नवऱ्याला एवढ्या वर्षांच्या संसारात कळायला हवं. यंत्रालाही ते कळलं नसतं, अप्पांना कुठून कळणार. बोलता बोलता त्यांनी कढईतले वडे काढले. ते नेमके सोनेरी झाले होते. त्याचा विचार करायला अप्पांना सवड नव्हती, कारण त्यांना राग आला होता.

दुपारच्या गिऱ्हाइकासाठी त्यांनी दुसरा घाणा सोडला आणि पाठ केली. फळी ओलांडून आलेली चार माणसं उभी होती. अप्पांनी त्यांना आपल्या चुलत्याच्या रेड्याची गोष्ट सुरू केली. रेडा विहिरीपाशी आला. रेडा विहिरीत पडला. रेड्याला काढायला गाव जमलं. हाक काही येईना. अप्पांनी रेड्याला बाहेर काढून पुन्हा एकदा आत पाडलं. मागे तेल बडबडतच होतं, पण त्यात हाक नव्हती. मग गिऱ्हाइकांपैकी एकाने नाक वर केलं.

"अप्पा, काहीतरी जळतंय."

अप्पा वळले. कढईत वडे नव्हते, कोळसे होते. काकी शांतपणे पुढचे गोळे वळत होत्या.

"अगं, तुला दिसत नव्हतं?"

"तुम्ही गप्प बस म्हणालात."

पुढचा घाणा अप्पांनी धसक्याने लवकर काढला. गिऱ्हाइकाने वडा मोडला, तर आत पिवळं ओलं पीठ त्याच्याकडे बघत होतं. तो माणूस भला होता. म्हणाला, "राहू द्या अप्पा, अर्धा छान झालाय." कुठला अर्धा ते त्याने सांगितलं नाही.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं अप्पांनी एकेक अंगण धरायला सुरुवात केली. आधी बटाटे पाणचट ठरले. मग डाळीच्या पिठात भेसळ निघाली. मग गॅसची आच तिरपी लागते असं ठरलं, म्हणून त्यांनी कढईखाली पत्र्याचा तुकडा सरकवला, त्याने कढईच तिरपी झाली आणि वडे एका कोपऱ्यात जाऊन एकमेकांना चिकटले. शेवटी त्यांनी तेलालाच दोष दिला. जुनं तेल ओतून टाकलं, नवा डबा फोडला आणि रागाच्या भरात सगळाच्या सगळा कढईत रिकामा केला. एवढं तेल तापायला वेळ लागतो. अप्पांना वेळ नव्हता. कोमट तेलात सोडलेले वडे तळाला बसले आणि निवांतपणे तेल पीत राहिले. बाहेर काढले तेव्हा ते हातात धरवत नव्हते.

या गडबडीत शेजारचा शिंपी खिडकीतून डोकावला. रोज दुपारचा पहिला घाणा निघाला, की शिवणयंत्र थांबवून तो गरम वड्यासाठी हजर असायचा. आज दुपारचे इतके घाणे निघाले तरी त्याचा पत्ता नव्हता.

"अप्पा, आज दुपारचं तळण बंद आहे का? आवाज आला नाही तुमच्याकडून. मी आपला वाट बघत बसलो."

अप्पांचा चेहरा उजळला. "ऐकलंस? यालाही हाक आली नाही. म्हणजे दोष माझ्या कानात नाही, तेलात आहे."

शिंप्याने काकींकडे पाहिलं. काकींनी नको अशी मान किंचित हलवली. शिंप्याचं तोंड उघडलं होतं ते त्याने मिटलं आणि तो टाके घालायला परत गेला.

आता उरलं एकच. अप्पांनी यंत्र कानातून उपटलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. जग पुन्हा कापसात गुंडाळल्यासारखं मऊ झालं. हीच आपली जागा, अप्पांना वाटलं. त्यांनी पत्रा काढून कढई सरळ केली, गोळे सोडले, पाठ केली, डोळे मिटले आणि हाकेची वाट पाहिली. खिशातलं यंत्र मात्र बारीक शीळ घालू लागलं होतं. अप्पांना ती ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. समोरच्या दोन गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अप्पा, तुमच्या छातीतून शीळ येतेय."

"हो हो," अप्पा म्हणाले.

हाक आलीच नाही. वडे करपले. गिऱ्हाइकं फळीवरून निघून गेली आणि या खेपेला फळी मुळीच वाकली नाही.

अप्पा बटाट्याच्या पोत्यावर येऊन बसले. झारा त्यांनी जमिनीवर ठेवला. तो त्यांच्या हातातून खाली असा कधी आला नव्हता. यंत्र घातलं तरी हाक नाही, काढलं तरी नाही. खरं सांगायचं तर अप्पांना घाबरायला झालं होतं. हाक ही त्यांनी लोकांना सांगायला रचलेली थाप नव्हती. ती त्यांना खरोखर यायची. दुनियेचे आवाज एकेक करून विझत गेले तेव्हाही ती यायची, आणि त्यांना वाटायचं, बाकी सगळे सोडून गेले तरी तेल आपल्याला विसरलेलं नाही.

"तेलानं मला टाकलं गं," ते म्हणाले. "संपलं आता. साहेब आले की सांगतो, गाळा बेकरीवाल्याला द्या. म्हाताऱ्या माणसाने घरी बसावं."

काकींचे हात गोळा वळता वळता थांबले. त्या काही बोलल्या असाव्यात, पण अप्पांना ते ऐकू आलं नाही आणि "हो हो" म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. तेवढ्यात फळी करकरली आणि मुलगी आत आली. तिच्या मागे हातात मोजपट्टी घेतलेला एक गंभीर माणूस होता. मुलीने आधी वडिलांकडे पाहिलं, मग टोपलीतल्या कोळशांकडे, मग वडिलांच्या शीळ घालणाऱ्या खिशाकडे. तिने एक शब्द न बोलता यंत्र काढून त्यांच्या कानात बसवलं.

"नमस्कार," व्यवस्थापक म्हणाले. "मी तळलेलं खात नाही. नियम आहे म्हणून एक घास खाईन."

दुकानात शिरता शिरता त्यांनी फळकुटाची उंची मोजली होती. समोर अप्पा उभे राहिले तेव्हा त्यांच्या पोटाचा घेरही त्यांनी नजरेने मोजला असावा.

"बाबा, उभे राहिलाच आहात तर तळा आता," मुलगी कानाशी पुटपुटली.

अप्पांनी झारा उचलला. तेल आता बेताचं तापलं होतं. गोळे सोडले. टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला. कढईकडे बघून तळावं असं एकदा मनात आलं, पण आयुष्यभराची पाठ अशी एका दिवसात फिरत नाही. ते सवयीने वळले आणि साहेबांकडे तोंड करून उभे राहिले. गोष्ट सांगायला गेले, तर रेडाही आठवेना.

"तुम्ही तेलाकडे बघत नाही?" साहेबांनी विचारलं.

अप्पा उत्तर द्यायच्या आत मागून आवाज आला. ठण्ण, ठण्ण.

आवाज सकाळचाच होता, डोक्यात घंटा वाजवणारा. पण ही चाल त्यांच्या ओळखीची होती. आधी दोन. मग जरा थांबून...

ठण्ण.

अप्पा जागच्या जागी खिळून राहिले. कापसातून, भिंतीपलीकडून, कढईच्या पोटातून यावा असा तो जाडा आवाज, ज्याच्यावर त्यांनी भरवसा ठेवला होता, त्याच्या अंगावरचं पांघरूण यंत्राने काढून घेतलं होतं. पांघरुणाखाली तेल नव्हतंच. डबा होता, चमचा होता आणि...

तेवढ्यात चौथी हाक आली. जरा जोरात.

"अहो, करपतील ना," काकी म्हणाल्या.

अप्पा वळले. वडे एका फेरीत झाऱ्यावर आले. सोनेरी, सगळे एका रंगाचे. काकी दुसरीकडे बघत चमचा पदराला पुसत होत्या.

साहेबांनी एक घास खाल्ला. मग नियमात कुठेतरी दोन घासांची तरतूद असावी असा चेहरा करून दुसरा खाल्ला. मग वडा संपला. मग त्यांनी न बोलता दुसरा उचलला. मुलीने श्वास सोडला.

"चांगला आहे," साहेब बोटं पुसत म्हणाले. "फक्त एक अडचण आहे. गाळा अरुंद आहे. एकच माणूस मावेल. तळणारा."

बाहेर शिंपी येऊन उभा राहिला होता. ठणठण ऐकून तो शिवणयंत्र थांबवून आला होता. त्याच्या मागे आणखी दोघं होते. सगळ्यांना वाटलं, आता अप्पा छाती पुढे काढून तेलाची हाक सांगणार.

"मग गाळा हिला द्या," अप्पा म्हणाले.

"अहो, काहीतरीच काय," काकी म्हणाल्या.

"साहेब, खरं तेच सांगतो. वडे ही करते. मी फक्त बाहेर काढतो, आणि केव्हा काढायचे तेही हीच सांगते. मला वाटायचं तेल सांगतं. मला आजच कळलं."

"आजच?" शिंपी म्हणाला. "अप्पा, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. आम्ही डब्याच्या आवाजावर वड्याला येतो."

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, पण त्यांना राग आला नाही. ते काकींकडे वळले.

"कधीपासून वाजवतेस?"

"तुम्ही एका दिवशी तीन घाणे जाळलेत आणि रात्री न जेवता झोपलात. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही झारा खाली ठेवला असता," काकी म्हणाल्या. "आज यंत्र आलं, मला वाटलं, सुटले बाई. आता यांना तेल स्वतःच ऐकू येईल. तर तुम्ही पोत्यावर जाऊन बसलात."

अप्पांनी एक वडा कागदात ठेवून काकींपुढे धरला. इतक्या वर्षांत दुकानात असं त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि काकींनी तो इतक्या सहज घेतला की जणू रोजचंच आहे.

"मला एकटीला नको तो गाळा," काकी साहेबांना म्हणाल्या. "वडे माझे होतील, पण बोलणार कोण? रेडा विहिरीत कोण पाडणार? मला चमचा वाजवता येतो, तोंड वाजवता येत नाही. ते यांचं खातं."

साहेबांनी मोजपट्टी उघडली आणि खाली बसून काकींचं स्टूल मोजलं. लांबी मोजली, रुंदी मोजली. मग तेलाचा डबा मोजला.

"स्टूल मावेल," ते म्हणाले. "डबा स्टुलाखाली जाईल. यांना पोट आत घेऊन उभं राहावं लागेल."

"हो हो," अप्पा म्हणाले, आणि या वेळी त्यांना प्रश्न पूर्ण ऐकू आला होता.

गाळा ताब्यात आला तेव्हा रंग द्यायला तोच जुना रंगारी आला. अप्पा कानात यंत्र घालून दारात उभे होते आणि काकी आत स्टुलाची जागा ठरवत होत्या. यंत्राची अप्पांना आता बरीच सवय झाली होती. तेलाची कुरकुर केव्हा मंदावते तेही त्यांना हल्ली कळायचं, तरी वडे ते डब्यावरच काढायचे. एकदा काकींनी मुद्दाम वाजवलं नाही, तर मान न वळवताच म्हणाले, "अगं, हाक मार ना. वडे खोळंबलेत."

"अप्पा, कुठला लावू?" रंगाऱ्याने विचारलं. "मागच्या वेळी काकींनी सांगितला होता तो लावू का? मी तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, की काकी जांभळा म्हणतात, त्यांना लहानपणापासून आवडतो, चालेल का? तुम्ही लगेच हो म्हणालात. मला बरं वाटलं होतं. एवढं बायकोचं ऐकणारा माणूस मी बघितला नव्हता."

अप्पांनी हळूहळू मान वळवून आत पाहिलं. काकी स्टूल उगाचच इकडून तिकडे सरकवत होत्या.

"अगं, आणखी कशाकशाला हो म्हणालोय मी?"

"कळेल हळूहळू," काकी म्हणाल्या.

रंगारी खोळंबला होता. "मग अप्पा, जांभळाच लावू ना? आतून-बाहेरून?"

प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला. अप्पांनी थोडा वेळ त्या कोऱ्या पांढऱ्या गाळ्याकडे पाहिलं, मग हसले.

"हो हो," ते म्हणाले.